मसुदा लिहिणाऱ्या साहेबांस, सांगलीहून

माननीय मसुदालेखक साहेब,



तुमचं नाव मला ठाऊक नाही. अधिसूचनेखाली सही सहसचिवांची असते, घोषणा मंत्री करतात आणि दंडाची पावती निरीक्षक फाडतो. पण या तिघांच्या आधी कुणीतरी एका खोलीत बसून ते वाक्य लिहिलेलं असतं, 'प्रत्येक उत्पादकाने'पासून सुरू होऊन 'बंधनकारक राहील'पाशी थांबणारं. ते तुम्ही. दिल्लीत असाल, मंत्रालयात असाल, नाहीतर महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर. खातं बदलतं, भाषा तीच राहते. इतकी वर्षं हा पत्रव्यवहार तुमच्याच बाजूने चालू आहे, म्हटलं एकदा पोच तरी द्यावी.

आधी आभार. तुम्ही आम्हाला फार मोठं समजता. आमचा धंदा भडंगाचा. जोडीला लसणाची चटणी, मेतकूट आणि सीझनला कैरीचं लोणचं. घरामागे पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, एक सीलिंग मशीन आणि कामाला सात बायका. डिलिव्हरी आमचे हे करतात, टेम्पो भाड्याचा. तुमच्या डोळ्यांपुढे मात्र जो 'उत्पादक' असतो, त्याच्याकडे कायद्याचं वेगळं खातं आहे, पॅकेजिंगची टीम आहे आणि रोज सकाळी चहाबरोबर राजपत्र वाचणारा एक पगारी माणूस आहे. आमच्याकडे ही सगळी खाती माझ्याकडेच आहेत, भट्टी पेटायच्या आधीच्या वेळात. राजपत्र वाचायचं काम आम्ही व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोपवलंय. तिथे निम्म्या बातम्या खोट्या असतात, पण मराठीत असतात.

मुद्द्याचं बोलते. तुम्ही कधी पाउच छापून घेतलंय?

नसेलच. पाउच नगावर छापत नाहीत, किलोवर छापतात. एकेका रंगाला एकेक सिलिंडर, त्याचे पैसे वेगळे. प्रेसवाल्याला दोनशे किलोच्या खालचा जॉब सांगितला की तो आधी हसतो आणि मग चहा मागवतो. दोनशे किलो फिल्म म्हणजे आमच्या दोनशे ग्रॅमच्या पाकिटांची पंचवीसेक हजार पाउचं. भडंगाची वेगळी, चटणीची वेगळी, मेतकुटाची वेगळी. मेतकुटाची पाउचं एकदा छापली की वर्ष-दीड वर्ष संपत नाहीत. मेतकूट खाणारी पिढीच आता मोजकी राहिली आहे, त्याला तुमचा इलाज नाही. मोठ्या कंपनीचा तोच साठा महिन्याच्या आत उडतो. लेबलावरची एक ओळ बदलायला तुम्ही सहा महिने दिलेत, की त्यांना ती मुदत मोकळीढाकळी होते आणि आमच्या घरात फिल्मचे रोल कॉटखाली जाऊन बसतात. नियम दोघांना सारखाच. सिलिंडरचा खर्चही सारखाच. तो त्यांच्याकडे कोटभर पाकिटांवर विभागला जातो, माझ्याकडे पंचवीस हजारांवर. हा भागाकार करायला पाचवीचं गणित पुरतं, पण मसुद्याच्या कुठल्याच पानावर तो मला सापडला नाही.

आणि त्या पाउचवर काय काय बसवायचं? पदार्थाचं नाव, घटक उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका (त्याचा आकार पाकिटाच्या क्षेत्रफळावरून काढायचा), निव्वळ वजन, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील ते, सर्व करांसहित किंमत, तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल. अक्षरांची उंची मिलिमीटरमध्ये. यातलं काहीही अनावश्यक आहे असं मी म्हणत नाही. गिऱ्हाइकाला हे कळायलाच हवं, आणि ज्याच्या तेलात खोट आहे त्याला पकडायलाच हवं. तो पकडला गेला नाही तर तोटा माझाच; त्याचं भडंग माझ्यापेक्षा दहा रुपयांनी स्वस्त जातं. त्यामुळे 'छोट्यांना नियमच नकोत' हे वाक्य माझ्या तोंडी घालू नका. ते तुमच्या सोयीचं आहे.

तुमची खरी प्रतिभा मला दिसली ती 'एकक विक्री किंमत' या प्रकरणात. पाकिटावर एमआरपी आहेच, वजनही आहे. आता किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा भावही छापायचा. १ एप्रिल २०२२ पासून लागू व्हायचं होतं, मग मुदत पुढे ढकलली, पण शेवटी आलंच. साठ रुपयांचं दोनशे ग्रॅम भडंग, म्हणजे ग्रॅमला तीस पैसे. सांगलीत भडंग ग्रॅमवर मागणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. पण यामागचा हेतू चांगला आहे, हे मान्य करते. मोठ्या कंपन्या किंमत तीच ठेवून पाकिटातला माल हळूच कमी करतात, त्यांची लबाडी या आकड्यातून उघडी पडते. रोग त्यांचा, औषध बरोबर, फक्त सुई सगळ्यांना एकाच जाडीची टोचलीत.

आता सप्टेंबर २०२५ ची गोष्ट, कारण ती तुमच्या कामाचा उत्तम नमुना आहे.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर कमी केले, २२ सप्टेंबरपासून लागू. आनंदाची बातमी. त्याआधी आमच्या सीएंनी सांगितलेला हिशेब असा होता : भडंगाचे चुरमुरे सुटे विकले तर शून्य टक्के, तेच पाकिटात भरून लेबल लावलं की १८ जुलै २०२२ पासून पाच, आणि त्याला तेल, लसूण, तिखटाची फोडणी दिली की ते नमकीन, बारा टक्के. म्हणजे आमच्या भट्टीवर फोडणी तडतडली की सरकारचा वाटा दुपटीच्या वर जायचा. (त्याच २०२२ च्या नियमात पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटांनाच कर अशी हद्द होती, त्यावर बाजाराने सव्वीस किलोची तांदळाची पोती काढून तुम्हाला उत्तर दिलं. या देशात तुमच्या मसुद्याचा सर्वात बारकाईने अभ्यास करणारा माणूस पोती शिवतो.) तर बारा जाऊन पाच आले. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो.

पण छापून ठेवलेल्या पाउचांवर जुनी एमआरपी. ९ सप्टेंबरला परवानगी आली : जुन्या मालावर नव्या किमतीचा शिक्का किंवा स्टिकर लावा. फक्त किंमत बदलल्याचं वृत्तपत्रांत किमान दोन जाहिराती देऊन कळवा, आणि व्यापाऱ्यांना परिपत्रकं पाठवा. हा मूळ नियम जुनाच होता, तुम्ही फक्त त्याकडे बोट दाखवलंत. साहेब, तुम्ही वृत्तपत्रातल्या जाहिरातीचा दर कधी विचारलाय? चौरस सेंटिमीटरवर असतो. मेतकुटाची किंमत दोन रुपयांनी उतरली हे महाराष्ट्राला कळवायला मला जो खर्च आला असता, तेवढ्याचं मेतकूट मी दिवाळीपर्यंतसुद्धा विकत नाही.

मग १८ सप्टेंबरला जाहिरातीची अट काढून टाकली. स्टिकरची सक्तीही सैल केली. जुनी पाउचं मार्च २०२६ अखेरपर्यंत चालतील असंही आलं. छान झालं, मनापासून सांगते. पण ९ ते १८ या नऊ दिवसांत नवीन असं काय कळलं? छोटा उत्पादक पेपरात जाहिरात देऊ शकत नाही, हे ९ तारखेला सकाळीही खरंच होतं. माझ्या शेडमधल्या सातांपैकी कुठल्याही बाईला विचारलं असतंत तर तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं असतं. विचारायची पद्धत नाही, एवढंच.

तुम्ही म्हणाल, पद्धत आहे. खरंय. २०१४ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या सगळ्या खात्यांना कळवण्यात आलं की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा. त्यासोबत खर्च किती येईल, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्या जगण्यावर आणि उपजीविकेवर काय होईल, हेही लिहायचं. किती सुंदर धोरण. फक्त धोरणच, मोडलं तर कुणाला काही होत नाही. आणि पाळलं तरी काय? मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत, खात्याच्या संकेतस्थळाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात. तीस दिवस मोजायला सुरुवात होते, तेव्हा मी कैऱ्या फोडत असते. हरकत पाठवतं कोण? ज्यांच्याकडे तो चहाबरोबर राजपत्र वाचणारा पगारी माणूस आहे, ते. मग तुमच्या फायलीवर शेरा पडत असणार की सर्व संबंधितांशी विचारविनिमय झाला. झाला की. संबंधितांमध्ये मी नव्हते, हा तपशील झाला.

बरं, आमच्या वतीने बोलायला कुणी नाही असंही नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी एक राष्ट्रीय मंडळ नेमलंय. अध्यक्ष कोण, तर त्याच खात्याचे मंत्री, पदसिद्ध. म्हणजे सरकारची तक्रार सरकारकडे, सरकारच्याच अध्यक्षतेखाली. राज्यात थकलेली बिलं वसूल करून देणाऱ्या परिषदा आहेत, तिथे उद्योग खात्याचे अधिकारी बसतात. चांगली माणसं असतील. पण आपल्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने काढलेला नियम चुकलाय, असं पत्र काढून वृत्तपत्रांना देणारा अधिकारी यांच्यात मला अजून दिसलेला नाही. दिसला तर त्याच्या बदलीची बातमीही शेजारीच दिसेल.

आमच्या संघटनांबद्दलही बोलते, उगाच एकट्या तुम्हालाच का झोडा. वालचंद हिराचंदांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर उभं केलं, तेव्हा परक्या सरकारपुढे देशी उद्योगाची बाजू मांडणं हे धाडस होतं. आज गल्लोगल्ली संघटना आहेत. त्यांचं मुख्य उत्पादन म्हणजे निवेदन देतानाचा फोटो. मंत्री मधोमध, निवेदन दोघांच्या हातात, बाकीचे पाच-सहा जण कॅमेऱ्याकडे बघताहेत. त्या फोटोत मंचावर बसण्याइतका मोठा झालेला माणूस असतो. त्याला माझं दुखणं आठवतं, दुखत नाही. त्यातून तोच उद्या तिकीट मागणार असतो. भांडून कसं चालेल?

म्हणून मग शटर खाली येतं. एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आठवतोय? २०१३ साली जकातीच्या जागी तुम्ही तो मोठ्या शहरांतही आणलात तेव्हा राज्यभर बाजारपेठा बंद राहिल्या. मोर्चे, उपोषणं, पुन्हा बंद. २०१५ च्या १ ऑगस्टला पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवाल्यांचा एलबीटी गेला. म्हणजे दोन वर्षं आणि किती दिवसांचा धंदा बुडवल्यावर तुम्हाला जे कळलं, ते आधी एका टेबलावर कळलं असतं. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीचं तेच. २३ जूनपासून पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड सुरू झाला. मोठ्या कंपन्यांची चिप्सची, बिस्किटांची पाकिटं नियमातून सुटली होती आणि किराणावाला डाळ कशात बांधू म्हणून विचारत होता. आठवड्याभरात त्यालाही सूट द्यावी लागली. प्लॅस्टिक कमी व्हायलाच हवं होतं. आमच्या गटारी तुंबतात तेव्हा पाणी आमच्याच शेडमध्ये शिरतं. पण आठवडाभर दंड भरलेल्यांचे पैसे परत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि तुम्ही कधी आमचं भलं करायला निघालात तर आणखीच पंचाईत. लहान उद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांत, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर त्या वर्षी तो खर्च घेणाऱ्याला करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असा आयकराचा नियम १ एप्रिल २०२४ पासून आला. वाचून मी देवापुढे साखर ठेवली. त्याच महिन्यात एका मोठ्या दुकानसाखळीच्या परचेसवाल्याचा फोन : "मॅडम, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का हो? असेल तर जरा प्रॉब्लेम होतोय." लघुउद्योगाची ही सरकारी नोंदणी नसलेल्याला हा नियम लागत नाही, तेव्हा ऑर्डर तिकडे. आता बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागायचा हक्क कायद्याने मला २००६ पासून दिलेला आहे. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? त्या हक्काचा कागद माझ्याकडे आहे, प्रिंट काढून ठेवलाय.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की तुमच्याकडे लगेच अभ्यासदौरा निघतो, म्हणून भीतभीतच देते. १९७६ साली तिथल्या संसदेने लघुउद्योग प्रशासनाच्या पोटातच एक वेगळं वकिलीचं कार्यालय काढलं. प्रमुखाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं. काम असं की सरकारच्या बाकीच्या खात्यांचे मसुदे लहान धंद्याच्या बाजूने वाचायचे आणि पटले नाहीत तर तसं जाहीर लिहायचं. ते लिहिलेलं आधी व्हाइट हाउसला दाखवून मंजूर करून घ्यावं लागत नाही. १९८० च्या कायद्याने खात्यांवर बंधन आलं : नियमाचा लहानांवर काय परिणाम होईल ते तपासा, हलका पर्याय आहे का ते बघा, नाहीतर 'फारसा परिणाम नाही' असा दाखला स्वतःच्या सहीने द्या. १९९६ मध्ये आणखी एक पाऊल. पर्यावरण आणि कामगार सुरक्षा या दोन खात्यांना, ज्या नियमांचा लहानांना मोठा फटका बसू शकतो त्यांचा मसुदा जाहीर करण्याच्या आधी, लहान धंदेवाल्यांचं ऐकून घ्यावं लागतं. 'आधी' हा शब्द दोनदा वाचा, घाई नाही.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. 'परिणाम नाही'चा दाखला देऊन खाती निसटतात. लहानांच्या नावाखाली मोठ्या उद्योगांची वकिली होते, असा त्या कार्यालयावर आरोप होत आलाय. २०१७ नंतर कित्येक वर्षं तिथे कायमचा प्रमुखच नव्हता, प्रभारींवर भागवलं. हे प्रभारी प्रकरण वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. पण खुर्ची तरी आहे. रिकामी खुर्ची असली की कुणीतरी विचारतं, इथे कोण बसतं? आपल्याकडे खुर्चीच नाही, मग विचारणार कोण?

तर माझी मागणी लहान आहे, तुमच्या सवयीने सांगायचं तर सूक्ष्म. एक माणूस द्या, ज्याचा पगार तुमच्या खात्यातून निघत नाही, ज्याच्या मंडळावर मंत्री अध्यक्ष नाहीत आणि ज्याला ठरलेल्या मुदतीआधी हलवता येत नाही. कुठल्याही चेंबरची वर्गणी त्याने घ्यायची नाही. तुमचा मसुदा राजपत्रात जायच्या आधी त्याच्या टेबलावर आला पाहिजे. त्याने तो घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी यावं. सांगलीत हळदवाले आहेत, बेदाणेवाले आहेत, इचलकरंजीत लूमवाले आहेत, कोल्हापुरात चपला शिवणारे आहेत. त्याने आम्हाला मराठीत विचारावं की हा नियम पाळायला किती पैसे आणि किती वेळ लागेल, आणि आलेलं उत्तर छापावं. तुम्ही ते मानलं नाहीत तर का मानलं नाही, तेही त्याच्याखाली छापावं. बस. नियम तुम्हीच करा, निरीक्षकही तुमचेच ठेवा. माझा वजनकाटा दरवर्षी पासिंगला येतो तसा येत राहील. फक्त तुमच्या मसुद्यालाही एकदा कुणीतरी तोलून बघावं, एवढंच म्हणते.

तुम्ही म्हणाल, असा माणूस नेमायचा तर कायदा करावा लागेल, आणि कायद्याचा मसुदा कुणाला लिहावा लागेल? तुम्हालाच. याची मला कल्पना आहे. म्हणूनच पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलंय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक भडंगवाली

ता. क. सोबत भडंगाचं पाकीट पाठवते आहे, जुन्या पाउचातलं. सक्ती नसली तरी नव्या किमतीचा स्टिकर लावलाय. जुनी किंमत झाकायची नाही असा तुमचा नियम असल्यामुळे तो पोषणमूल्यांच्या तक्त्यावर गेलाय, कारण दुसरी मोकळी जागा शिल्लक नव्हती. आता तक्ता झाकला म्हणून दुसऱ्या खात्याची नोटीस येईल का, तेवढं उलट टपाली कळवावं.